उताऱ्यानंतर मागितलेला चहा

१

रुमालकाकांचे ओठ निळे पडल्याचं सगळ्यांत आधी दिसलं ते वकिलाला. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, तरी पहिल्या हाकेला कोणी हललं नाही. वॉर्डाचा त्यात दोष नव्हता. हा वकील खरा वकील नव्हेच. उशी पातळ मिळाली तरी न्याय मागणारा पेशंट, म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. सकाळपासून पंखा, साबण आणि शेजारच्या खाटेवरचं घोरणं अशा तक्रारी करून झाल्या होत्या. त्यात ही आणखी एक, असंच सगळ्यांना वाटलं.

डॉक्टरबाई मात्र धावल्या. गुडघे कुरकुरत होते, तोंड फटकळ होतं, पण ओरडण्यातला खरा सूर त्यांना कळायचा.

काकांचा श्वास इतका सावकाश चालला होता की एक झाल्यावर दुसरा येईल की नाही अशी धाकधूक लागावी. डॉक्टरबाईंनी पापणी वर करून पाहिली आणि क्षणभर त्यांचंच डोकं चालेना. हे व्यसनमुक्ती केंद्र होतं. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांची ज्यांना सवय जडली, त्यांना इथे त्याच जातीचं औषध मोजूनमापून देत आणि हळूहळू कमी करत. ते जास्त झालं तर श्वास मंदावतो आणि डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते. काकांचा श्वास मंदावला होता, पण बाहुल्या मात्र टप्पोऱ्या, बुबुळाच्या कडेला भिडलेल्या. श्वास एक सांगत होता, डोळे दुसरंच.

"उतारा भरा!" डॉक्टरबाईंनी श्वासावर विश्वास ठेवला.

इंजेक्शन दंडात गेलं. थोड्या वेळाने ओठांना रंग आला, छाती भात्यासारखी चालू लागली आणि काकांनी डोळे उघडले. चेहरा शांत, दुपारच्या झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

"जरा चहा मिळेल का?" ते म्हणाले.

कोणीतरी हसलं, कोणीतरी डोळे पुसले. डॉक्टरबाईंनी त्यांचा हात हातात धरला होता. तळहात उबदार आणि कोरडा होता. माणूस वाचला होता, तरी त्यांच्या मनात काहीतरी सलत राहिलं. काय, ते त्यांना सांगता आलं नसतं.

दारातून व्यवस्थापकांचा आवाज आला. "सकाळची तपासणी कोणी केली?"

खाटेच्या पायाशी धाकटी सिस्टर उभी होती. "मी केली, सर."

"औषध कमी पडून जास्त त्रास होतोय असे गुण दिलेस, म्हणून डोस वाढला. आणि माणूस मरता मरता वाचला. चार वाजता वरचे लोक येतायत. त्याआधी तुझा राजीनामा माझ्या टेबलावर हवा. नाहीतर निष्काळजीपणाचा शेरा मारून मीच काढतो."

तो शेरा एकदा कपाळी बसला की कोणतंही रुग्णालय त्या पोरीला दारात उभं करणार नव्हतं. डोसवर सही डॉक्टरबाईंची होती, पण खापर फुटणार होतं धाकटीवर.

"चारपर्यंत मला वेळ द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिचं चुकलं असेल तर राजीनामा मी स्वतः आणून देईन. त्याच्या शेजारी माझाही असेल."

२

"रडू नकोस. रडलीस तर मला काही समजणार नाही," डॉक्टरबाईंनी आपल्या खोलीत तिला पाण्याचा ग्लास दिला. "एकेक लक्षण सांग. नाडी?"

"जलद होती."

"बसवून मोजलीस?"

"हो, पण ते नुकतेच व्हरांड्यात येरझाऱ्या घालून आले होते. मी जायच्या वेळी ते रोज फिरतच असतात. एका जागी बसवत नाही म्हणतात. त्याचेही गुण दिले."

"अंगावर काटा?"

"हातभर. पण आंघोळ करून आले होते."

"गार पाण्याने?"

धाकटी चपापली. "त्यांना गरम पाणी सोसत नाही म्हणाले."

"नाक?"

"सतत वाहतं. म्हणून तर रुमालकाका! बोलता बोलता रुमाल नाकाला."

"वाहताना पाहिलंस, की रुमाल पाहिलास?"

धाकटीने ग्लास खाली ठेवला. डॉक्टरबाईंनी जोर केला नाही. वाहतं नाक कोणी निरखून बघत नाही, माणूस नजर वळवतो, आणि त्याच सभ्यपणाने त्यांनीही कित्येकदा वळवली होती.

"पण बाहुल्या तर खऱ्याच ना, बाई?" धाकटी कळवळून म्हणाली. "हाडं दुखतात, पोटात कळा येतात, हे तोंडाने सांगता येईल. नाडी पळवता येईल. बाहुल्या कोण मोठ्या करणार? त्या पाहूनच माझी खात्री पटायची."

"टॉर्च मारला होतास?"

"गुणांच्या तक्त्यात खोलीतल्या उजेडात बाहुली केवढी दिसते एवढंच विचारलंय. टॉर्चचं कुठे लिहिलेलं नाही."

हे खरं होतं. या केंद्रात कोणीच टॉर्च मारत नसे. त्रासातल्या माणसाला उजेड सोसत नाही, म्हणून पडदेही अर्धे ओढलेले असत. दयेपोटी पडलेली ती रीत डॉक्टरबाईंनीच पाडली होती.

"आज डोस कोणत्या गोळीचा दिलास?"

"गोळी कुठली?" धाकटीने डोळे पुसले. "आज पातळ औषध होतं. माझ्यासमोर प्याले. आधी नुसते प्याल्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, काका, कडू आहे का? तर हसले आणि डोळे मिटून एका दमात घशाखाली घातलं."

३

औषधवाल्याने आधीच कानांवर हात ठेवले. "बाई, मी मोजलंय, दोनदा मोजलंय! गोळ्या संपल्या, गाडी उद्या येणार. तेवढ्याच ताकदीचं पातळ औषध दिलं. बाकीच्यांनीही तेच घेतलं. ते काय आडवे झाले?"

झाले नव्हते. डॉक्टरबाईंनी बाटली तपासली, मापं तपासली. औषधवाला खरं बोलत होता. वॉर्डातले सगळे तेच औषध पिऊन खाटांवर बसून एकमेकांच्या खोड्या काढत होते. ज्याच्या अंगाला सवय आहे, त्याचं त्या मात्रेने काही बिघडत नाही.

राहिला वकील. काकांना चोरून दुसरं काही पाजलं असेल तर शेजाऱ्यानेच, असं व्यवस्थापकांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

"माझ्यावर आळ?" वकील खाटेवर ताठ बसला. "बाई, उलट मीच फिर्यादी आहे. या माणसाने घोरून घोरून माझा जीव नकोसा केलाय. इथे आम्ही गुडघे पोटाशी घेऊन तळमळतोय, आणि हे आपले रात्रभर इंजिन सोडतात!"

"त्रासातला माणूस घोरतो?"

"झोपला तर घोरेल ना! मला पहिला आठवडा डोळा लागला नव्हता. जेवणाचं नाव काढलं तरी पोट ढवळायचं. आणि हे? स्वतःचं ताट पुसून माझ्याकडची पोळी मागायचे. बरं, जांभया कधी द्यायचे? सिस्टर आल्या की."

"मग तू आम्हाला सांगितलं का नाहीस?"

वकिलाचा आवाज खाली आला. "सांगणार होतो. पण माणूस चांगला आहे, बाई. मला उलटी झाली की पाठीवरून हात फिरवायचे. आपल्या बापानेही असा फिरवला नाही कधी. एक मात्र विचित्र. दुपारी पेपर घडाघडा वाचायचे. सकाळी सिस्टर येऊन गेल्या की तोच पेपर मला वाचायला सांगायचे. म्हणायचे, अक्षरं पुसट दिसतात."

डॉक्टरबाई उठल्या आणि तडक काकांच्या खाटेशी गेल्या. पडदा सरकवला. काका पुन्हा गुंगीत जात होते. उताऱ्याचा जोर आधी ओसरतो आणि पोटातलं औषध मागे उरतं, म्हणून नर्स शेजारी बसूनच होती. सलाईनमधून उतारा थेंब थेंब चालू केला होता. डॉक्टरबाईंनी टॉर्च काढून झोत सरळ डोळ्यात टाकला.

बाहुली हलली नाही. खऱ्या त्रासात ती मोठी होते, पण उजेड पडला की आक्रसते. ही मात्र भोकासारखी तशीच राहिली.

आणि त्याच क्षणी सकाळपासून काय सलत होतं ते त्यांना कळलं. चहा! ज्याच्या रक्तात महिनोन् महिने अफू मुरली आहे, त्याला हा उतारा टोचला तर तो चहा मागत नाही. तो ओकतो, थरथरतो, घामाने न्हातो, टोचणाऱ्याला शिव्या घालतो. सगळा त्रास एकदम अंगावर कोसळतो. काका मात्र कोरड्या हाताने, शांतपणे जागे झाले होते.

या माणसाला व्यसन नव्हतंच.

४

दुपारी काकू आल्या, हातात धुतलेल्या रुमालांची पिशवी. रोज यायच्या, मळके रुमाल न्यायच्या, धुतलेले द्यायच्या. डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्ची दिली, आधी काका ठीक आहेत हे सांगितलं आणि मग सकाळची हकीगत.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे... ते औषध त्यांच्या पोटात गेलं?"

"औषध आणखी कुठे जायचं असतं, काकू?"

काकूंनी पिशवी छातीशी धरली.

"तुम्ही नोकरी करता?" डॉक्टरबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं.

"डोळ्यांच्या दवाखान्यात. नंबर लावते, तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालते." आणि मग, जरा घाईने, "मला जायला हवं. मुलगी घरी एकटी आहे."

"लहान आहे?"

"लग्न झालेली आहे. माहेरी आलीय."

लग्न झालेली, माहेरी आलेली, आणि तासभरही एकटी सोडवत नाही अशी. डॉक्टरबाईंनी धाकटीला बाहेर बोलावलं. "काका दाखल झाले तेव्हा लघवीच्या तपासणीत अफू निघाली होती. नमुना घेताना आत कोण गेलं होतं?"

"काका थरथरत होते म्हणून काकूंनी हाताला धरून नेलं. बाटली काकूंनीच आणून दिली." धाकटीचा चेहरा उतरला. "मी बाहेर उभी होते. बायको सोबत असताना आत कशी जाऊ?"

पुढे वाद नको म्हणून दाखल होतानाचा नमुना केंद्रात जपून ठेवत. डॉक्टरबाई प्रयोगशाळेत गेल्या आणि त्या नमुन्यावर आणखी एक साधी तपासणी करायला सांगितली. तिथल्या बाईने आधी त्यांच्याकडे आणि मग बाटलीवरच्या पुरुषाच्या नावाकडे पाहिलं. वय झालं की डॉक्टरांचंही असं होतं, असा भाव तिच्या चेहऱ्यावर उमटून गेला. पण तपासणी तिने केली.

थोड्या वेळाने तिने पट्टी उजेडात धरली आणि पुन्हा पाहिली.

"बाई," ती पुटपुटली, "हे काका गरोदर आहेत."

५

डॉक्टरबाईंनी पट्टी काकूंच्या समोर ठेवली आणि दार लावून घेतलं. आत त्या दोघी आणि धाकटी, एवढ्याच.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," त्या म्हणाल्या. "व्यसन मुलीला आहे. अफू तिच्या लघवीत होती. सकाळी काका गार पाण्याने आंघोळ करत, व्हरांड्यात फिरून नाडी वाढवत आणि तुम्ही दिलेले थेंब डोळ्यांत घालत. म्हणून बाहुल्या मोठ्या आणि अक्षरं पुसट. गोळी मिळाली की ती गालात धरायची, नाक पुसायच्या निमित्ताने रुमालात सोडायची. रुमाल तुम्ही धुवायला न्यायचात. आज गोळीऐवजी पातळ औषध आलं. ते रुमालात कसं धरणार? आणि नको म्हणावं, तर सोंग उघडं पडून उद्यापासून मुलीची गोळी बंद. म्हणून ते प्याले."

काकूंनी काहीच थांबवलं नाही. पदराने तोंड दाबून त्या नुसत्या हलत राहिल्या.

"पाय मोडला होता तिचा," शेवटी त्या म्हणाल्या. "ऑपरेशननंतर गोळ्या दिल्या, त्या सुटल्याच नाहीत. सासरी याचा पत्ता नाही. कळलं तर जन्मलेलं मूल तिच्या हाती ठेवायचे नाहीत. एकदम बंद करून पाहिलं तर पोटात अशा कळा, वाटलं मूल जातंय. तिचं नाव इथे लिहिलं की सगळीकडे होणार. मग हे म्हणाले, मी जातो. माझं काय जातंय?"

डॉक्टरबाईंना राग आला होता, खूप आला होता, पण तो आता कोणावर काढावा कळेना. गरोदर बाईचं औषध असं तोडता येत नाही, हे खरं. पण ते रोज मोजून, तिला तपासून द्यायचं असतं, बापाच्या गालातून आलेलं नव्हे. त्यांना त्या म्हाताऱ्याचा मूर्खपणा दिसत होता आणि त्याच्या जागी आपला बाप असता तर, असंही वाटत होतं.

"तिने शेवटची गोळी कधी घेतली?"

"कालची. आज काहीच नाही."

घड्याळात तीन वाजून गेले होते. धाकटीला वाचवायचा रस्ता सरळ होता. पट्टी घेऊन व्यवस्थापकांच्या खोलीत जायचं आणि फसवणूक उघडी करायची. पण मग पोलीस आणि सासर, दोन्ही काकूंच्या दारात. काकूंनी हात जोडले. डॉक्टरबाईंनी धाकटीकडे पाहिलं. बोलायचा हक्क तिचा होता.

धाकटी तिच्या घरातली पहिली नर्स. परीक्षा पास झाली तेव्हा आजीने सगळ्या आळीला सांगितलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "माझं मागाहून बघू. तिचा आज डोस चुकलाय. आधी तिच्याकडे चला."

६

काकूंच्या घराचं दार उघडलं तेव्हा आत उन्हाळ्याचं ऊन होतं आणि मुलगी दोन चादरी पांघरून कुडकुडत होती. केस कपाळाला चिकटलेले, नाकाडोळ्यांतून पाणी, आणि तोंडावर हात न ठेवता एकामागून एक जांभया. पोट चांगलंच वर आलं होतं. धाकटी तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"घाई नाही, ताई. आधी जरा टेका. मग नाडी बघते."

नाडी पाहिली. हात पुढे धरायला लावले, बोटं थरथरत होती. दंडावर नुसती नजर टाकली तरी उभा काटा दिसत होता. टॉर्च धाकटीने स्वतःहून काढला. बाहुली मोठी होती आणि उजेड पडताच आक्रसली. तिने पोटावर हात ठेवला, बाळ हलतंय का विचारलं. हलत होतं. असं सगळं नीट पाहून झाल्यावर ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "बराच त्रास आहे, बाई. इथे थांबून चालणार नाही."

"तुम्ही कोण?" मुलीने विचारलं. "आणि आई, बाबा कुठेत? गावाला गेलेत म्हणालीस, ते फोन का उचलत नाहीत?"

काकू भिंतीकडे बघू लागल्या. तेव्हा डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं, हिला काहीच माहीत नाही. बाबा ओळखीच्या दुकानातून गोळ्या आणून देतात आणि सध्या कामानिमित्त परगावी आहेत, एवढंच तिला सांगितलेलं होतं. लघवीचा नमुनाही बाळंतपणाच्या तपासणीसाठी हवा म्हणूनच तिच्याकडून घेतला होता. सांगावं की नाही, हे ठरवायला वेळ नव्हता आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. रुमाल, थेंब, आणि सकाळी डोळे मिटून प्यालेलं औषध.

मुलगी ऐकत राहिली. मध्येच तिला उमासा आला, धाकटीने भांडं पुढे धरलं. तिने तोंड पुसलं.

"बाबा वाचतील?"

"वाचलेत. रात्रभर नजरेखाली ठेवू."

"मग त्यांचं नाव काढा तिथून. माझं घाला."

"अगं, सासरी..." काकू कळवळल्या.

"आई, बाबा मेले असते!" ती ओरडली, आणि पहिल्यांदाच तिला रडू फुटलं. "माझ्यामुळे मेले असते, आणि मला वाटलं असतं ते गावाला गेलेत!"

डॉक्टरबाईंनी तिथूनच व्यवस्थापकांना फोन लावला. मुलीने स्वतः तो हातात घेतला आणि दात वाजत असतानाही काय घडलं ते सांगितलं. फसवणुकीचं मला कळवावंच लागेल, व्यवस्थापक म्हणाले, पण सिस्टरचा दोष नव्हता हेही कळवीन. आणि पेशंट आणायची असेल तर ॲडमिशन धाकट्या सिस्टरनेच करावं, आजची ड्युटी तिचीच आहे.

धाकटी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टरबाईंनी तिला एकटं सोडलं.

गाडी खाली आली. मुलगी एका बाजूने आईचा आणि दुसऱ्या बाजूने धाकटीचा हात धरून जिना उतरू लागली. पहिल्या मजल्यावर शेजारीण दारातच होती. तिला कळलेली गोष्ट दिवा लागायच्या आत चौकापर्यंत पोचायची.

"अगं बाई, काय झालं? दिवस भरले की काय?"

"नाही हो, जरा..." काकूंनी नेहमीसारखी सारवासारव सुरू केली.

मुलगी थांबली. कठडा धरून तिने श्वास घेतला.

"मला गोळ्यांचं व्यसन लागलंय, मावशी," ती म्हणाली. "उपचाराला चाललेय. बाबाही तिथेच आहेत."

शेजारीण एक पाऊल मागे सरली, मग पुढे आली आणि घसरलेली चादर मुलीच्या खांद्यावर नीट ओढून दिली. मग सगळ्या मिळून उरलेल्या पायऱ्या उतरल्या.